बिर्याणीनंतर ‘विहीर’ लावू नये : विसरलेला सिनेमा दुसऱ्याला कसा सुचवावा

मागे एका शनिवारी आमच्याकडे मामेभावंडं जमली होती. बिर्याणी झाली, गाद्या पडल्या आणि “काहीतरी भारी लाव” अशी फर्माईश आली. मी हौसेने उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ लावला. पंचविसाव्या मिनिटाला दोघं घोरत होते, एक जण मोबाईलमध्ये शिरला होता आणि वहिनी अगदी प्रेमाने विचारत होत्या, “अजून किती आहे हो?” एकट्याने, दिवे मालवून बघायचा सिनेमा मी पोट भरलेल्या आठ जणांना वाढला होता.

तेव्हापासून सिनेमा सुचवताना मी काही पथ्यं पाळतो.

आधी माणूस विचारा, मग सिनेमा

“चांगला मराठी सिनेमा सांग” असं कुणी म्हटलं की जीभ लगेच सळसळते. ती आवरा. तीन गोष्टी विचारा: कोणाबरोबर बघणार, किती वाजता बघणार, आणि अलीकडे अर्धवट सोडलेला सिनेमा कोणता. आवडलेल्या सिनेमांबद्दल लोक जरा शोभेचं बोलतात. सोडलेल्याबद्दल मात्र खरं सांगतात. “फार रडारड होती”, “काही घडतच नव्हतं”, “अंधारात काही दिसेना” यातून तुम्हाला पुरेसं कळतं.

यादी पाठवू नका

व्हॉट्सॲपवर पंधरा नावं टाकली की समोरचा “वा! सेव्ह केलं” म्हणतो आणि विषय संपतो. एकच नाव द्या. फार तर दुसरं राखीव ठेवा, पण ते सांगू नका.

हातात धागा द्या

माझ्या मते सगळं यश इथेच ठरतं. अनोळखी सिनेमाकडे जायला माणसाला ओळखीचं काहीतरी लागतं आणि ते शोधणं हे सुचवणाऱ्याचं काम. उत्तम उदाहरण ‘जैत रे जैत’. 1977चा, जब्बार पटेलांचा. ना. धों. महानोरांची गीतं आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत असलेली त्याची गाणी मराठी घरात कुणाला पाठ नाहीत? पण सिनेमा पाहिलेला माणूस दहांत एखादा सापडायचा. अशांना मी एवढंच म्हणतो, “‘मी रात टाकली’ म्हणणारी ती बाई कोण आणि ती कुणासाठी काय टाकून आली, बघ तरी.” गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ठाकरवाडी, लिंगोबाचा डोंगर, मधमाश्या, ढोल वाजवणारा नाग्या हे सगळं नंतर सिनेमाच सांगतो.

दुसरं उदाहरण माझं लाडकं आहे, म्हणून जरा रेंगाळतो. ‘एक होता विदूषक’, 1992. दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गाणी महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं, निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची (एनएफडीसी). मुख्य भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एवढी नावं एका पोस्टरवर असून सिनेमा चालला नाही. कारण लोक लक्ष्याला बघायला गेले आणि पडद्यावर भेटला आबुराव: तमाशातल्या बाईच्या पोटी जन्मलेला, लोकांना हसवत मोठा झालेला, सिनेमात आणि मग राजकारणाच्या नादात स्वतःला हरवून बसलेला सोंगाड्या. त्याची मुलगी मात्र कधीच हसत नाही. हा सिनेमा “लक्ष्याचा विनोदी सिनेमा” म्हणून सुचवलात तर तुम्हीही 1992चीच चूक कराल. “लक्ष्याला आपण किती कमी ओळखत होतो ते बघायचंय का?” असं विचारा. ‘अशी ही बनवाबनवी’ तोंडपाठ असलेला माणूस त्यासाठी नक्की बसतो.

धागा सिनेमाबाहेरचाही चालतो. माझे काका भोसरीत तीस वर्षं टर्नर होते, म्हणजे लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) काम करायचे. त्यांना मराठी सिनेमा म्हटला की दादा कोंडके, पुढे काही नाही. त्यांना मंगेश जोशींचा ‘लेथ जोशी’ दाखवला. लेथ चालवणाऱ्या कामगाराचं वर्कशॉप बंद होतं, घरातली बाकीची माणसं नव्या यंत्रांशी जुळवून घेतात आणि हा जुन्या मशीनपाशी अडकून राहतो, अशी गोष्ट. काका शेवटपर्यंत गप्प. मग उजव्या हाताची बोटं चोळत म्हणाले, “कूलंटचा वास आला रे.” काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना ‘जॉब’ म्हणजे नक्की काय करायचात, असं विचारलं.

खाचखळगे आधी सांगा, गोष्ट सांगू नका

संथ सिनेमा संथ आहे हे आधी सांगितलं तर चालतं. मध्यावर कळलं तर राग येतो. ‘दिठी’ सुचवताना मी सांगतो की पाऊस खूप आहे, बोलणं कमी आहे, आणि मुलगा गमावलेल्या वारकऱ्याची ही गोष्ट आहे. मन थाऱ्यावर असेल त्या दिवशी बघ. घरात अलीकडे कुणी गेलं असेल तर सुचवण्याआधी दोनदा विचार करा. दि. बा. मोकाशींच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवरचा सुमित्रा भावे यांचा हा सिनेमा 2021मध्ये थेट ओटीटीवर आला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी त्या गेल्या.

‘सामना’बद्दल (1975) “कृष्णधवल आहे” हे आधीच सांगून टाका, म्हणजे चॅनल बिघडल्यासारखं वाटायला नको. “मारुती कांबळेचं काय झालं?” हा प्रश्न बहुतेकांनी कुठल्यातरी राजकीय भाषणात ऐकलेला असतो. तो तेंडुलकरांनी श्रीराम लागूंच्या मास्तरच्या तोंडी घातला आणि समोर हिंदुराव म्हणून निळू फुले उभे होते, एवढं सांगितलं तरी पुरतं. कांबळेचं काय झालं ते मात्र सांगू नका.

प्रत स्वतः तपासा

हे कंटाळवाणं काम कुणी करत नाही आणि म्हणूनच अर्ध्या शिफारशी वाया जातात. जुन्या मराठी सिनेमांच्या इंटरनेटवरच्या अनेक प्रती कापलेल्या असतात. कुठे गाणं गायब, कुठे शेवटच तुटलेला. सुरुवातीला सेन्सॉर प्रमाणपत्र दिसतं, तिथे व्हिडिओ थांबवा. जुन्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये दिलेली असते. 35 मिमीची फिल्म मिनिटाला साधारण 27.4 मीटर पळते. म्हणजे 3,700 मीटर लिहिलं असेल तर सिनेमा 135 मिनिटांचा. टीव्हीसाठी केलेली प्रत सेकंदाला 24ऐवजी 25 चित्रांनी चालते, त्यामुळे तीच प्रत 130 मिनिटांच्या आसपास भरली तर काळजी नको. पण 112 भरली तर कात्री लागलेली आहे. तोच सिनेमा दुसरीकडे शोधा, शक्यतो हक्क असलेल्यांनी टाकलेली प्रत. परदेशात वाढलेल्या भाच्यांसाठी सुचवत असाल तर सबटायटल आहेत का आणि ती वेळेवर उमटतात का, हेही दहा मिनिटं बघून घ्या.

प्रत मिळतच नसेल तर फिल्म सोसायटीकडे, म्हणजे निवडक सिनेमे दाखवणाऱ्या संस्थेकडे वळा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968पासून हे काम करतंय, पुण्यात आशय आहे, लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. अशा ठिकाणी उठून चहा करायला जाता येत नाही, हा मोठाच फायदा.

मोठा पडदा मिळाला तर थांबू नका

‘तुंबाड’ हिंदी, पण मातीने आपला. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, भीतीची प्रेरणा नारायण धारपांची, दिग्दर्शक राही अनिल बर्वे. 2018मध्ये थिएटरात आला तेव्हा फारसा चालला नाही. मग घरोघरी लोकांनी एकमेकांना सांगत तो वाढवला. सप्टेंबर 2024मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. मी तो आधी लॅपटॉपवर पाहिला होता. थिएटरात पाहिल्यावर कळलं की मी तेव्हा फक्त गोष्ट पाहिली होती, पाऊस पाहिलाच नव्हता. पुन्हा लागलेला सिनेमा आठवड्यात उतरतो, म्हणून अशा वेळी फोन करून सांगा. मेसेज लोक रविवारी वाचतात.

मग गप्प बसा

“बघितलास का?” हा प्रश्न एकदाही विचारायचा नाही. विचारलं की सिनेमाचा गृहपाठ होतो. शेजारी बसून बघत असाल तर “आता बघ हं” म्हणत त्याच्या चेहऱ्याकडे टक लावू नका. आणि नाही आवडला तर वाद घालू नका, का नाही आवडला ते ऐका. पुढचं नाव त्यातच सापडतं.

मी एका जुन्या डायरीत कुणाला काय सुचवलं ते लिहितो. मामेभावाच्या नावापुढे ‘विहीर’वर काट आहे. त्याखाली ‘वळू’, दिग्दर्शक तेच, पण बिर्याणीनंतर चालणारा. त्यापुढे बरोबरची खूण आहे. आणि त्याच्याही खाली, गेल्या दिवाळीत त्यानेच फोनवर सांगितलेलं: “तो विहिरीचा सिनेमा परत पाठव. एकटाच आहे आज.”