सांगलीत तीन दिवस कसे काढायचे: खाणं, नदी आणि आसपासची गावं

पहिली गोष्ट, सांगलीला कोल्हापूरच्या ट्रिपमधला उरलेला अर्धा दिवस देऊ नका. माझी नणंद एकदा तशीच आली, गणपतीला हात जोडले, भडंगाची पाकिटं घेतली आणि चारला परत निघाली, जाताना म्हणते वहिनी तुमच्या सांगलीत तसं बघायला काय नाहीच की. मला ते फार लागलं. पुढच्या खेपेला तिला तीन दिवस ठेवून घेतलं आणि तेव्हा तिला जसं फिरवलं तसंच इथं लिहितेय. मी सगळं नदीच्या हिशोबानं लावते, कारण आमच्याकडची हळद, वांगी, देवळं, बासुंदी सगळं शेवटी कृष्णेपाशीच येऊन थांबतंय.

कधी यायचं? लोक डिसेंबर म्हणतात, हवा छान असते हे खरंय, पण मला विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट. दुपारी ऊन लागायला सुरुवात होते पण त्याच दिवसांत नवीन हळद बाजारात येत असते, द्राक्षं गोड झालेली असतात, वांगी असतातच. जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असेल तर आधी आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटावर आहे ते बातम्यांत बघा, आम्ही पावसाळ्यात सकाळी उठून तेच बघतो. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, अर्धं गाव पाण्यात होतं, हरभट रोडच्या जुन्या दुकानदाराला विचारा पाणी कुठवर आलेलं, तो हात वर करून भिंतीवर दाखवेल आणि मग २००५ चं पण सांगेल. ऐकून घ्या, घाई करू नका.

रेल्वेनं येणार असाल तर सांगली स्टेशन आहेच, पण मिरज जंक्शन असल्यामुळं तिथं गाड्या जास्त थांबतात, मिरज-सांगली अंतर दहाएक किलोमीटर, एसटीची शहर बस आणि रिक्षा दोन्ही आहेत. राहायचं कुठं तर विश्रामबागेत हॉटेलं नवी आहेत पण नदी लांब पडते, मी गावभागाच्या, गणपती पेठेच्या जवळ राहा म्हणेन, सकाळी चालत घाटावर जाता येतं.

पहिल्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला घाटावर जा. चहा नंतर. पोहणारी पोरं, सूर्याला पाणी सोडणारे आजोबा, आणि समोर आयर्विन पूल, १९२९ चा, दगडी, त्याच्या कमानी उजाडताना पाण्यात दिसतात ते नुसतं बघत बसा. तिथनं गणपती मंदिर. चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला आले, १८०१ साली संस्थान वेगळं झालं, त्यांनी हे मंदिर बांधायला घेतलं, काळा दगड, गणपतीसोबत शंकर, सूर्य, देवी, लक्ष्मीनारायण अशी पंचायतनाची देवळं. दर्शन झालं की लगेच बाहेर पळू नका, आवारात दहा मिनिटं बसा, सकाळी दगड गार असतो.

मग मिसळ. कुठल्या हॉटेलात ते मी सांगणार नाही कारण घराघरात यावरून भांडणं आहेत, पण एक करा, जिथं बाहेर सायकली आणि टू-व्हीलर उभ्या आहेत आणि आत लोक बोलत नाहीत, नुसते खातायत, तिथं शिरा. कट वेगळा मागा. पहिल्यांदा कमी ओता, इकडचं तिखट पुण्यासारखं गोडावर जात नाही. ब्रेडचे स्लाइस मिळाले तर पावाचा हट्ट धरू नका, स्लाइस कट जास्त ओढून घेतो.

दुपारी झोपा. खरंच सांगते, बारा ते चार फिरून काही हाती लागत नाही. चारनंतर गणपती पेठ आणि हरभट रोडला पायी फिरा. हळद घ्यायची तर इथंच, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकनाच्या पाकिटापेक्षा हळकुंड हातात घेऊन बघा. पॉलिश केलेलं हळकुंड वरून सगळंच चमकतं, म्हणून दुकानदाराला एक मोडून दाखवायला सांगा, आत गडद केशरी निघालं पाहिजे आणि मोडताना कट्ट असा आवाज आला पाहिजे. राजापुरी जातीची मागा. अर्धा किलो हळकुंडं घेऊन घरी जाऊन दळून आणा, तयार पूड आणि ही यातला फरक पहिल्याच वरणात कळतो.

संध्याकाळी हरिपूर. सांगलीतून तीन-चार किलोमीटर, वाटेत बागेतला गणपती लागतो तिथं थांबा. हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात, संगमेश्वराचं देऊळ आहे, पायऱ्या उतरून खाली गेलं की दोन नद्यांचं पाणी दोन रंगांचं दिसतं कधीकधी, पावसाळा संपता संपता जास्त. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथले. नणंदेला नाटकाचं वेड, ती पारावर बराच वेळ बसली. मराठी नाटकाची सुरुवातच सांगलीत झाली हे तिला माहीत होतं, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला राजेसाहेबांपुढं सीता स्वयंवर केलं, आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन, पण ते ज्या गावात झालं तिथं ती कधी नाटक बघायला आली नव्हती. तुम्ही आलात तर भावे नाट्यमंदिरात त्या दिवसांत काय लागलंय ते आधी बघून ठेवा.

हरिपुरात मुख्य बघायचं म्हणजे पेवं, आणि बहुतेक पाहुणे त्यावरूनच चालत जातात, त्यांना कळतसुद्धा नाही. पेव म्हणजे जमिनीतला हळद साठवायचा खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद आणि आत रांजणासारखं फुगलेलं. हरिपूरची माती अशी चिवट की खड्ड्याला आतून विटा-सिमेंट लागत नाही. हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही, वर्षानुवर्षं माल राहायचा. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, आधी कंदील सोडतात, तो विझला तर आत प्राणवायू नाही, थांबायचं. २००५ च्या पुरात पाणी शिरून पुष्कळ पेवं गेली आणि आता व्यापारी कोल्ड स्टोरेज, गोदामाकडं वळलेत. गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला "काका, पेव कुठं होतं हो?" एवढं नीट विचारा, दाखवतात. मला याचं फार वाटतं, ही पेवं बघितलेली माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

परत येताना भडंग. आमच्याकडं चुरमुऱ्याला चिरमुरे म्हणतात आणि भडंगाचा चिरमुरा जाड, फुगीर असतो. पाकीट घरी न्यायला ठीक आहे, पण इथं खाताना गाड्यावर कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून कालवून घ्या आणि हातात पडल्या पडल्या खा, पाच मिनिटांनी मऊ पडतं.

दुसरा दिवस मिरज. मीरासाहेबांच्या दर्ग्यात सकाळी जा, शांत असतं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर याच आवारात आहे, आणि उरुसात इथं चिंचेच्या झाडाखाली रात्रभर गाणं चालतं, तारीख जुळली तर तीच धरून या. दर्ग्यापासून चालत सतारमेकर गल्ली. ही शिकलगार मंडळी, आधी हत्यारांना धार लावायची, मग तंतुवाद्यांकडं वळली, आता पिढ्यान् पिढ्या सतार आणि तानपुरे करतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला पण जीआय मिळालं. तुंब्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, दुकानात छताला टांगलेले दिसतील. आत जाताना आधी विचारा, फोटो नंतर. कुणी जवारी लावत असेल, म्हणजे तारेखालची घोडी घासून तार तिच्यावर नीट बसवून सूर खुलवत असेल, तर गप्प उभं राहा, ते सगळं कानावर चालतं. नणंदेनं तिथं तानपुऱ्याची एक तार छेडू का विचारलं, त्यांनी हसून तानपुराच पुढं केला.

दुपारचं जेवण त्या दिवशी भरपेट करा. मटण खाणाऱ्यांनी खानावळीत ताट घ्यावं, सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी, आणि पांढरा रस्सा आधी वाटीतून नुसता प्यायचा, भाकरीला तांबडा. शाकाहारी असाल तर भरली वांगी विचारा, कृष्णाकाठची वांगी, देठाला काटे असलेली, शिजली की सालीसकट लोण्यासारखी होतात. सोबत शाळूची भाकरी, खर्डा, शेंगाची चटणी, दही आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. शाळूची भाकरी गहू मिसळलेली नको म्हणून सांगा. अख्खा मसूर इस्लामपूर-कराडच्या बाजूचा, तो परत जाताना हायवेला खा.

तिसरा दिवस नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर. गुरुवार आणि पौर्णिमा सोडून जा, आम्ही एकदा पौर्णिमेला पाहुणे घेऊन गेलो आणि सगळा दिवस रांगेतच गेला. वाडी वीस-बावीस किलोमीटर, कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका. पुराचं पाणी देवळात उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री धावत येतात. दर्शनानंतर बासुंदी, आणि कवठाची बर्फी नक्की, आंबटगोड असते, दुसरीकडं सहज मिळत नाही.

तिथनं कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर, अजून वीसेक किलोमीटर, रस्त्यात खायची सोय कमी म्हणून वाडीतच खाऊन निघा. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आणि त्याला मधोमध छतच नाही, गोल उघडं आभाळ. बरोबर त्याच्याखाली एक गोल शिळा आहे. दुपारी ऊन त्या गोलातून खाली पडतं आणि हळूहळू सरकतं, आम्ही एका खांबाला टेकून तासभर ते सरकणं बघत बसलो. समोर नंदी नाही हे लगेच लक्षात येईल, नंदी कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात. बाहेरच्या बाजूनं एक चक्कर माराच, खालच्या पट्ट्यातले हत्ती एकेक बघत.

चौथा दिवस मिळाला तर तासगाव, गणपतीच्या देवळाचं सात मजली दाक्षिणात्य धाटणीचं गोपूर आणि बेदाण्याची दुकानं. नवा बेदाणा एप्रिलच्या सुमारास येतो, हिरवा, लांबट, चिकट न लागणारा घ्या.

जाताना बासुंदी बांधून घेऊ नका, टिकत नाही, तिथंच खा. भडंगाचे कोरे चिरमुरे मात्र किलोभर घ्या. घरी कढईत तेलात शेंगदाणे, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्या, हळद टाका, गॅस बंद करा आणि मगच लाल तिखट, मीठ, चिमूटभर पिठीसाखर, नाहीतर तिखट करपतं. त्यावर चिरमुरे टाकून हातानंच वरखाली करायचे. नणंद आता फोनवर दर दोन महिन्यांनी विचारते, वहिनी कुणी येणार आहे का इकडं, चिरमुरे संपलेत.