चंदेरीचा कल्पनारम्य गाऊन: अठराव्या शतकातील चुण्यांची पाठ कशी शिवावी

कल्पनारम्य गाऊन शिवायला घेतला की मन आधी सजावटीकडे धावते. पण असा पोशाख उठून दिसतो तो त्याच्या घाटामुळे. म्हणून जुन्या काळातील एकच वैशिष्ट्य निवडावे, ते शिवणीत काटेकोरपणे पाळावे आणि कल्पनेला उरलेल्या पोशाखात वाव द्यावा. ग्वाल्हेरमधील हौशी शिवणाऱ्यांना मी अठराव्या शतकातील फ्रेंच ‘रोब आ ला फ्रांसेज’ सुचवेन. या झग्याच्या पाठीवर गळ्यापासून जमिनीपर्यंत रुंद चुण्या मोकळ्या सुटतात. पुढे त्यांना आंत्वान वातो या चित्रकाराचे नाव मिळाले.

एकेकाळी ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या चंदेरीचे कापड या घाटाला फार शोभते. पारंपरिक चंदेरीच्या रेशमातील नैसर्गिक डिंक काढलेला नसतो, त्यामुळे ते हलके आणि पारदर्शक असूनही चुणी धरून ठेवते. जॉर्जेटच्या चुण्या अंगाला चिकटतात आणि सारा घाट जातो. दुकानात कापडाची घडी बोटांनी दाबून सोडावी. तिची कड उभी राहिली, तर कापड निश्चिंतपणे घ्यावे.

प्रथम मांजरपाटाचा नमुना बेतून अंगावर पाहावा. त्यावरून सुती अस्तराची घट्ट चोळी शिवावी आणि तिची पाठ मध्यभागी उघडी ठेवून नाडीने आवळता येईल अशी करावी. मूळ झग्यांतही चुण्यांखाली अशी नाडी असे. चंदेरीवर ताण आला की धागे सरकून शिवणीपाशी जाळी पडते. म्हणून सगळा ताण या अस्तराने घ्यावा, वरचे कापड मुंढ्यात व कमरेत किंचित सैल ठेवावे, बारीक सुई वापरावी आणि कडा आत दडणारी फ्रेंच शिवण घालावी.

चुण्यांचा हिशेब सोपा आहे. पाठीवर दुहेरी बॉक्स चुण्या, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन घड्या एकावर एक येणाऱ्या चुण्या घालाव्यात; अशा चुणीला दिसणाऱ्या रुंदीच्या पाचपट कापड लागते. चार इंचांच्या दोन चुण्यांना ४० इंच, म्हणजे ४४ इंची पन्ह्यात पाठीचा मधला भाग अखंड बसतो. खडूने खुणा करून चुण्या कच्च्या टाक्याने बसवाव्यात, गळ्याखाली चार-पाच इंचांपर्यंतच अस्तरावर पक्क्या कराव्यात आणि तेथून मोकळ्या सोडाव्यात.

गाऊनच्या घागऱ्याखाली कॅनकॅनचा, म्हणजे कडक जाळीच्या परकराचा, मोह टाळावा, कारण त्याने घेर गोल होतो आणि या झग्याला हवी असते ती दोन्ही बाजूंची रुंदी. त्यासाठी कापूस भरलेल्या दोन उशा नाडीने कमरेला बांधाव्यात.

कल्पनेचे काम घागऱ्याच्या घेरावर करावे. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६–१५१६) याने किल्ल्यावर बांधलेल्या मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशांत पिवळ्या बदकांची रांग आहे. निळ्या पट्टीवर पिवळ्या रेशमाची तशीच बदके जोडकामाने लावल्यास हा फ्रेंच घाट ग्वाल्हेरचा होऊन जातो. चुण्यांवर मात्र एकही टिकली लावू नये, कारण भरतकामाच्या वजनाने त्या खाली ओढल्या जातात.

खालच्या काठाची तुरपाई अगदी शेवटी करावी: गाऊन रात्रभर टांगून ठेवावा, मग उशा बांधून आणि समारंभात घालायची तीच पादत्राणे घालून उभे राहावे, आणि दुसऱ्या व्यक्तीकडून जमिनीपासूनची उंची सभोवार मोजून घ्यावी.