मुलांना आपलं आपण शिकू देताना या चुका टाळा

तिसरीतल्या एकानं 42 वजा 17 चं उत्तर 35 काढलं. मोठ्यातून लहान वजा केलं, प्रश्न मिटला. “अरे, हातचा?” अगदी ओठांवर आलं होतं, पण आवरलं. काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे सरकवून म्हटलं, “यातल्या 17 दे बघू मला.” एक गठ्ठा त्यानं लगेच दिला. सात सुट्या देताना अडला. माझ्याकडे बघितलं, तर मी हजेरीपटात डोकं घातलेलं. शेवटी त्यानं एका गठ्ठ्याचं रबर काढलं. उरलेल्या मोजल्या आणि वहीतलं 35 स्वतःच खोडलं.

आमची पहिली चूक हीच, घाईनं मदत करणं. मूल उत्तर लिहून वहीऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेल, तर ती सवय आपण लावली आहे असं समजा. चूक साहित्यानंच दाखवावी. मॉन्टेसरी पद्धतीच्या लाकडी दंडगोलांत हेच आहे: वेगवेगळ्या मापांचे 10 दंडगोल, त्यांच्या मापाच्या 10 खाचा, एक चुकीच्या जागी गेला की शेवटचा कुठेतरी अडतोच. बाईंनी बोलायची गरज नाही.

दुसरी चूक नेमकी उलटी: साहित्य मांडून मुलांना नुसतं सोडून देणं, आणि ती मी मन लावून केली आहे. 22 जून 2015 चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला, साताऱ्याचं कुमठे बीट (बीट म्हणजे शाळांचा गट) बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले, आणि आम्हीही तिथल्यासारखी हौसेनं वर्गाची फरशी रंगवली. दोन महिन्यांनी मुलं तिच्यावरच्या 1 ते 100 च्या शतक तक्त्यावर लंगडी खेळत होती. (लंगडीबद्दल तक्रार नाही.) रंग दिला म्हणजे ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकणं, आला, असं आम्ही धरून चाललो होतो. आता सकाळी तीनच गोष्टी बाहेर काढते, बाकी कपाटात. “काय हवं ते करा” म्हटलं की धीट मुलं साहित्य पळवतात आणि बुजरी दाराशी उभी राहतात. एखादं मूल आठवडाभर एकाच खेळाला चिकटलं तर ओढून काढू नका, रोज काही वेगळं करतंय का ते बघा. रोज तेच ते करत असेल तर एक नवी अडचण घाला.

आणि बक्षीस म्हणून द्यायचे ते स्टार! अमेरिकेतल्या एका बालवाडीत झालेला प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधीच सांगितलं, काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना न सांगता प्रशस्तिपत्र दिलं, त्यांची गोडी टिकली. त्यामुळे बक्षीस द्यायचंच तर आधी जाहीर करू नका. त्यापेक्षा “ही शेपटी वर का वळवलीस?” असं विचारा.

“आज वहीत काहीच नाही?” असं पालक विचारतात तेव्हा वाद घालत बसू नका, मुलालाच करून दाखवायला सांगा. त्या 42 वजा 17 वाल्यानं आजीपुढे काड्या मांडल्या. रबर काढायच्या आतच आजी म्हणाली, “पंचवीस.”

“थांब गं आजी, सांगू नको ना!”