पुण्यात कुटुंबासह भाड्याचे घर शोधताना या चुका टाळा

लातूर, नांदेड, जळगाव, अकोला अशा ठिकाणांहून नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्या कुटुंबाची घरशोधणी बहुतेक वेळा एकाच आकड्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते, तो आकडा म्हणजे महिन्याचे भाडे. वास्तविक हा आकडा सर्वांत शेवटी पाहायला हवा. कामाचे ठिकाण, मुलांची शाळा, इमारतीत येणारे पाणी आणि घरमालक करून देणार असलेला करार या चार गोष्टी ठरल्याशिवाय दहा हजारांचे घर स्वस्त की चौदा हजारांचे, हे सांगता येत नाही. पुढे ज्या चुका दिल्या आहेत, त्या सगळ्या या चारांपैकी एखादी गोष्ट नंतरवर ढकलल्यामुळे होतात.

नातेवाईक राहतात तिथेच घर घेणे

नव्या शहरात ओळखीच्या माणसांचा आधार हवासा वाटतो, आणि लहान मुले घरात असतील तर ते अगदी रास्त आहे. परंतु मेहुणे आंबेगावात राहतात म्हणून आंबेगावात घर घ्यायचे आणि नोकरी मात्र हिंजवडीत करायची, हा हिशेब फार काळ जमत नाही. समजा, तिथले घर वाकड किंवा ताथवड्यापेक्षा तीन हजारांनी स्वस्त मिळाले. दुचाकीवर रोजचे जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर धरले, तर जवळपास एक लिटर पेट्रोल रोज लागते आणि महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरता वाचलेल्या तीन हजारांतले अडीच हजार तिथेच जातात. गाडीची झीज आणि नवले पुलाच्या बाजूची वर्दळ ओलांडण्यात रोज जाणारे दोन-अडीच तास यांत धरलेलेच नाहीत. हीच अडचण वाघोलीत राहून पिंपरी-चिंचवडच्या टोकाला कामाला जाणाऱ्यांची होते.

म्हणून कंपनीची बस असेल, तर ती कोणत्या चौकातून किती वाजता जाते हे रुजू होण्याआधी विचारून घ्यावे आणि घर कंपनीच्या नव्हे, त्या थांब्याच्या आसपास शोधावे. चाकण आणि रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो. पती-पत्नी दोघेही नोकरी करणार असतील आणि कामे शहराच्या दोन टोकांना असतील, तर वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट या दोन मेट्रो मार्गांपैकी एखाद्या मार्गाला धरून शोध घेतलेला बरा. नकाशावरच्या अंतरावर मात्र विसंबू नये. वाकडच्या भूमकर चौकातून रविवारी दुपारी दहा मिनिटांत जाता येते, म्हणून सोमवारी सकाळी नऊ वाजताही तसेच जाता येईल असे नाही. तेवढ्यासाठी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेलाच एकदा तो रस्ता पार करून पाहावा.

शक्य असल्यास घरातील कमावत्या व्यक्तीने आधी एकट्याने यावे, नातेवाइकांकडे किंवा पेइंग गेस्ट म्हणून दोन-तीन आठवडे राहावे आणि मगच घर ठरवावे. मे-जूनमध्ये महाविद्यालये, शाळा आणि बदल्या यांमुळे घरांची मागणी वाढलेली असते आणि घाईत असलेल्या माणसाला भाड्यात सूट मिळत नाही.

पाण्याची चौकशी वरवर करणे

पुण्यात भाड्याच्या घरांची सर्वांत जास्त निराशा होते ती पाण्यामुळे. महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे समाविष्ट झाली. परंतु गाव हद्दीत आले म्हणजे त्याच वेळी पुरेशी जलवाहिनीही आली असे झाले नाही. वाघोली, उंड्री, पिसोळी, नऱ्हे, धायरी अशा भागांत अनेक सोसायट्या टँकरवर चालतात. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झाले. घर दाखवणारा एजंट ‘पाण्याचा काही त्रास नाही’ असेच सांगणार, कारण त्याचा त्रास त्याला होणार नसतो.

त्यामुळे ही चौकशी सुरक्षारक्षकाकडे आणि खालच्या मजल्यावरच्या एखाद्या गृहिणीकडे करावी. प्रश्न नेमका हवा: नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ राहते, पिण्याचे पाणी महापालिकेचे की बोअरचे, आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर दिवसाला किती लागतात? सोसायटीच्या सूचना फलकावर टँकरच्या खर्चाचा हिशेब किंवा पाणीकपातीच्या वेळा लावलेल्या असतात. त्या नीट वाचाव्यात. टँकरचा खर्च देखभाल शुल्कात धरला आहे की उन्हाळ्यात वेगळा मागितला जातो, आणि तो घरमालक देणार की भाडेकरू, हे करारात लिहून घ्यावे. घर पाहताना स्वयंपाकघरातला नळ मिनिटभर सोडून ठेवावा. शेवटच्या मजल्यावर धार करंगळीएवढी येत असेल, तर सकाळी दोन डबे आणि दोन आंघोळी एकाच वेळी उरकणे शक्य होत नाही.

पाणी जास्त झाल्याचा त्रासही याच शहरात आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले मुठेचे पाणी पुणेकरांच्या लक्षात आहे. ओढ्याकाठचे किंवा नदीकाठचे तळमजल्यावरचे घर आजूबाजूपेक्षा बरेच स्वस्त मिळत असेल, तर शेजाऱ्यांना त्या दोन वर्षांबद्दल विचारावे. नुकताच रंग दिलेल्या भिंतींची ओल दिसत नाही, पण भिंतीतल्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा उघडला की तिचा वास येतो.

घर न पाहता टोकन (आगाऊ रक्कम) पाठवणे

गावाहून घर शोधताना फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार आढळतो. संकेतस्थळावर चांगल्या सोसायटीतील घराचे फोटो असतात, भाडे आजूबाजूच्या दरापेक्षा बरेच कमी असते, आणि फोनवरची व्यक्ती स्वतः लष्करात असून बदली झाल्याचे सांगते. मग घर पाहण्याच्या गेटपाससाठी काही रक्कम मागितली जाते किंवा ‘मीच तुम्हाला पैसे पाठवतो’ म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावले जाते. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवावे. पैसे गेलेच, तर त्याच तासाला 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे; रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवण्याची शक्यता तेवढ्यातच असते.

प्रत्यक्ष भेटलेल्या घरमालकाच्या बाबतीतही टोकन देण्यापूर्वी वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा खरेदीखताचे पहिले पान पाहायला मागण्यात काही गैर नाही. वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकावरून महावितरणची थकबाकीही कळते. भाड्याऐवजी काही लाखांचे हेवी डिपॉझिट मागितले जात असेल, तर विशेष सावध राहावे, कारण घरावरील कर्ज थकले आणि बँकेने ताबा घेतला, तर ती रक्कम परत मिळवणे अत्यंत कठीण होते.

नोटरी केलेल्या करारावर समाधान मानणे

‘अकरा महिन्यांचाच तर करार आहे, नोटरी पुरते’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न पाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

खर्चाची भीतीही अवाजवी आहे. मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाडे आणि परतीच्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के इतके असते. भाडे 14,000, डिपॉझिट 40,000 आणि मुदत अकरा महिने असेल, तर शुल्क सुमारे 400 रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. घरी येऊन आधार आणि अंगठ्याद्वारे ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्यांची सेवा फी वेगळी असते. घरमालक टाळाटाळ करत असेल, तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडून खर्च निम्मा-निम्मा करण्याची तयारी दाखवावी. त्यानंतरही तो तयार नसेल, तर घर कितीही मनासारखे असले तरी सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

करारात सोडण्याच्या सूचनेचा कालावधी, सुरुवातीची सोडता न येणारी मुदत, नूतनीकरणाच्या वेळची भाडेवाढ, वाहन लावण्याची जागा आणि रंगासाठी होणारी कपात स्पष्ट लिहिलेली असावी. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क आकारते, ते राज्य शासनाच्या 2001 सालच्या आदेशानुसार सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ते मालकाच्या नावाने निघते. तेव्हा या शुल्काच्या नावाखाली मोठी रक्कम भाडेकरूकडून मागितली जात असेल, तर सोसायटीची पावती पाहायला मागावी. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नवा करार करून घ्यावा. तोंडी ‘राहा हो, काही नाही’ यावर विसंबून राहू नये, कारण मुदतीनंतर घर न सोडल्यास याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

शाळेचा विचार सामान लावून झाल्यावर करणे

शिक्षण हक्क कायद्यातील 25 टक्के राखीव जागांसाठी प्रवेश हवा असेल, तर घराचे शाळेपासूनचे अंतर मोजले जाते. भाड्याने राहणाऱ्यांच्या पत्त्याचा पुरावा म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेला आणि अर्ज भरण्याआधीच्या तारखेचा भाडेकरार लागतो. नोटरी इथे चालत नाही. जूनमध्ये घर घेऊन त्याच वर्षीच्या या जागांची अपेक्षा धरणे म्हणूनच व्यर्थ ठरते.

आधीच्या शाळेकडून दाखला यायला उशीर झाल्याने प्रवेश अडवला जात असेल, तर शासकीय, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांना आठवीपर्यंत त्या कारणावरून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, हे कायद्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना तसा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. रेशनकार्डधारक कुटुंबाने गावचे कार्ड लगेच बदलण्याची घाई करू नये. एक देश एक रेशनकार्ड योजनेत आधारच्या पडताळणीवर शहरातील दुकानातूनही धान्य घेता येते.

ताबा घेताना काही न नोंदवणे

किल्ली मिळते त्या दिवशी, सामान आत येण्यापूर्वी, प्रत्येक खोलीचे, नळांचे, पंख्यांचे, भिंतींवरच्या डागांचे आणि वीज मीटरवरच्या आकड्याचे फोटो काढून ते घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत. भाडे आणि डिपॉझिट बँकेतूनच द्यावे. घर सोडताना डिपॉझिट अडवले गेले, तर आधी मीटरच्या फोटोसह भरलेल्या बिलांचा हिशेब लेखी मांडावा, मग वकिलामार्फत नोटीस द्यावी. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तडजोडीसाठी अर्ज करता येतो. तिथे जाताना नोंदणीकृत करार, बँकेतील व्यवहारांच्या नोंदी आणि ताबा घेताना व देताना काढलेले फोटो यांच्या प्रती सोबत न्याव्यात.