इन्स्टॉल अर्ध्यात बंद पडतंय? आधी कुठे अडकतं ते लिहून ठेवा

स्वतः जोडलेल्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना स्क्रीन गोठला, निळा पडला किंवा मशीन आपोआप रिस्टार्ट झालं, की बहुतेक जण लगेच पुन्हा इन्स्टॉल सुरू करतात. मग दुसरी आयएसओ (इन्स्टॉलची अख्खी फाइल) उतरवतात, मग विंडोज सोडून लिनक्स घालून बघतात, आणि रात्र तिथेच संपते. माझी पद्धत वेगळी आहे. आधी वही उघडायची. किती टक्क्यांवर थांबलं, स्क्रीनवर नेमके कोणते शब्द होते, बंद पडण्याआधी साधारण किती मिनिटं चाललं, एवढं लिहायचं. मग काहीही न बदलता तेच पुन्हा एकदा करायचं आणि पुन्हा लिहायचं.

या दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की पुढची वाट बरीचशी कळते. दोन्ही वेळा त्याच जागी, त्याच संदेशावर अडकलं असेल, तर संशय यूएसबी, डिस्क, ड्रायव्हर किंवा बायोसमधल्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनमधल्या) एखाद्या सेटिंगवर. दर वेळी जागा वेगळी आणि संदेशही वेगळा असेल, म्हणजे एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, एकदा ‘पेज फॉल्ट’, तर रॅम किंवा प्रोसेसर तपासायला घ्या. आणि कुठलाही संदेश न येता मशीन एकदम बंद झालं, तर वीजपुरवठा आणि तापमान.

इन्स्टॉलच्या वेळीच हे का उघडं पडतं, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. विंडोजच्या यूएसबीवर जवळजवळ सगळी सिस्टिम एकाच मोठ्या कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये असते. इन्स्टॉलर ती वाचतो, रॅममध्ये उलगडतो, मजकूर शाबूत आहे का हे पडताळतो आणि डिस्कवर लिहितो. बायोसच्या स्क्रीनवर तासभर शांत बसलेलं मशीन रॅमला आणि प्रोसेसरला असा ताण कधी देतच नाही. इन्स्टॉल ही नव्या मशीनची पहिली खरी परीक्षा असते. वाटेत एक बिट जरी उलटला तरी पडताळणी फसते आणि ‘फाइल खराब आहे, वाचता येत नाही’ अशा अर्थाचा, ८००७०५७० या आकड्यांनी संपणारा एरर येतो. तो वाचून लोक यूएसबीला दोष देतात. यूएसबी खराब असू शकते, पण दुसऱ्या पेन ड्राइव्हवर नव्याने बनवलेल्या यूएसबीनेही तोच एरर दिला, तर फाइल ठीक आहे आणि ती उलगडणारी रॅम चुकते आहे, असं धरून चाला.

म्हणून मी सुरुवात रॅमपासून करते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल, म्हणजे रॅम छापील वेगावर चालवणारी सेटिंग, बंद करा. रॅमच्या पाकिटावर छापलेला वेग हा बहुतेकदा ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेगाहून जास्त, असतो. ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम प्रोफाइलशिवाय सहसा ४८०० वर चालते, आणि इन्स्टॉलपुरता तो वेग भरपूर झाला. प्रोफाइल बंद करताच इन्स्टॉल सुरळीत पार पडलं, असं मी इतक्या मशीनवर पाहिलंय की बाकी कशालाही हात लावण्याआधी मी हेच करते. एक सांगून ठेवते: डीडीआर५ बोर्डवर रॅम बदलल्यावर किंवा बायोस रीसेट केल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमचं टायमिंग जुळवत असतो. त्या वेळात बटण दाबून मशीन बंद करू नका.

तरीही अडकलं तर मशीन बंद करा, एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) मागचा स्विच बंद करा आणि रॅमची एकच स्टिक ठेवून बाकीच्या काढा. ती कोणत्या स्लॉटमध्ये लावायची ते बोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतं. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा. आता रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस हा प्रोग्राम यूएसबीवर टाका आणि त्यावरूनच बूट करा. निदान चार फेऱ्या होऊ द्या, म्हणजे सरळ रात्रभर चालू ठेवा. पहिली फेरी स्वच्छ गेली म्हणून थांबू नका, काही चुका रॅम तापल्यावरच दिसतात. आणि ‘दोनच एरर आहेत’ असं म्हणून पुढे जाऊ नका. इथे शून्याखेरीज कुठलाही आकडा चालत नाही.

एरर आला तर घाईने स्टिक परत करायला धावू नका. तोच स्लॉट, दुसरी स्टिक. मग चांगली ठरलेली स्टिक, दुसरा स्लॉट. एरर स्टिकबरोबर फिरला तर स्टिक खराब. स्लॉटपाशीच राहिला तर बोर्डचा स्लॉट, प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन, किंवा एका बाजूला जास्त आवळलेला कूलर. माझ्या एका मैत्रिणीच्या मशीनमध्ये चारही स्टिक वेगवेगळ्या तपासल्यावर निर्दोष होत्या, आणि चारही एकत्र लावल्या की इन्स्टॉल दर वेळी नव्या जागी पडायचं. दोन वेगवेगळ्या किटमधल्या (एकत्र विकल्या जाणाऱ्या संचांमधल्या) स्टिक होत्या, एकाच मॉडेलच्या असूनही. चार स्टिकचा भार प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला त्या वेगावर पेलत नव्हता. एका किटच्या दोनच ठेवल्या आणि तेच इन्स्टॉल विनातक्रार झालं. तेव्हापासून मशीन जोडणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की जेवढी रॅम हवी तेवढी एकाच किटमध्ये घ्या.

रॅम निर्दोष ठरली की यूएसबी. उतरवलेल्या आयएसओचा शा-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) अधिकृत पानावरच्या हॅशशी जुळवा. लिनक्स वितरणं तो नेहमी देतात. यूएसबी मागच्या, थेट बोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची वायर आणि हब हे दोन्ही वगळा. जमलं तर यूएसबी २ पोर्ट वापरून बघा, वेळ लागेल पण वाचन बिनचूक होण्याची शक्यता जास्त.

डिस्कच्या बाबतीत, ज्यावर सिस्टिम टाकायची ती सोडून बाकी सगळ्या डिस्क काढून ठेवा. इन्स्टॉलर बूटच्या फाइल भलत्याच डिस्कवर टाकतो ते यामुळे टळतं, आणि जुना डेटाही सुरक्षित राहतो. डिस्क यादीत दिसतच नसेल तर तो क्रॅश नव्हे. इंटेल बोर्डवर बायोसमधलं व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) बंद करून बघा, किंवा इन्स्टॉलरला त्याचा ड्रायव्हर द्या. साटा डिस्कवर कॉपी करताना अडकत असेल तर लाइव्ह लिनक्समधून (यूएसबीवरूनच चालणाऱ्या) तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, वाचा. १९९ क्रमांकाच्या ओळीतला सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा वाढत असेल तर केबल बदला, डिस्क नव्हे.

विंडोज सेटअप चालू असताना शिफ्ट आणि एफ१० दाबलं की कमांड विंडो उघडते. तिथून ‘पँथर’ नावाच्या फोल्डरमधली एररची लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते. शेवटच्या दहा-वीस ओळी वाचा. सगळं कळणार नाही, पण तक्रार डिस्कवर लिहिण्याबद्दल आहे की ड्रायव्हरबद्दल, एवढं नक्की कळतं. लिनक्समध्ये इन्स्टॉलरचा स्क्रीनच काळा पडत असेल तर बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर आडवा येतो. बूट मेनूवर ई दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंग्रजीत नोमोडसेट (nomodeset) हा शब्द जोडा आणि एफ१० दाबून बूट करा. ज्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे तिथे कार्ड काढूनच इन्स्टॉल करणं मला जास्त पसंत आहे.

मशीन संदेशाशिवाय बंद पडत असेल तर बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान दहा मिनिटं बघत बसा. आकडा थांबत नसेल, ऐंशी-नव्वदकडे चढतच असेल, तर कूलर काढा. त्याच्या तळावरची प्लास्टिकची फिल्म तशीच राहिलेली असते, किंवा लिक्विड कूलरच्या पंपाची वायर जोडायची राहते. प्रोसेसरची आठ पिनची वायर आणि बोर्डची चोवीस पिनची वायर, दोन्ही काढून टक् असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा.

आता बायोस अपडेट. हे मी मुद्दाम उशिरा सांगते आहे, कारण अस्थिर रॅमवर बायोस फ्लॅश करणं, म्हणजे नवा बायोस लिहिणं, धोक्याचं. प्रोफाइल बंद, एकच तपासलेली स्टिक, मगच अपडेट. बोर्डवर फ्लॅशबॅकचं बटण (मशीन बूट न करता यूएसबीवरून बायोस लिहिणारं) असेल तर ते वापरा. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी तर हे टाळूच नका. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही प्रोसेसर कायमचे अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडची, म्हणजे बायोस अपडेटमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेलं नुकसान त्या दुरुस्तीने भरून निघत नाही. असा वापरलेला प्रोसेसर विकत घेतला असेल, रॅम निर्दोष असेल आणि फाइल उलगडतानाच क्रॅश होत असेल, तर दुसऱ्या प्रोसेसरवर पडताळून पाहा.

इन्स्टॉल पूर्ण झालं की लगेच सगळं पूर्ववत करू नका. चिपसेटचा ड्रायव्हर टाका, बाकीच्या स्टिक लावा आणि दिवसभर वापरा. मग एक्सएमपी चालू करून पुन्हा रात्रभर मेमटेस्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया लॉगर’च्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसू लागल्या, किंवा मेमटेस्टमध्ये एक जरी एरर आला, तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा आणि चाचणी पुन्हा लावा.