दुखऱ्या अंगाला सोसवेल असा शिवकालीन पोशाख

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मेन रोडच्या गर्दीत दोन-तीन तास उभं राहायचं, तर पोशाख किती जड आहे आणि कुठे आवळतो हे आधी बघा. भाड्याचे पोशाख बहुधा वेल्वेट-पॉलिस्टरचे, आतून जरीचे धागे टोचणारे. फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार) किंवा संधिवात असेल तर ते टाळलेलेच बरे.

अंगरखा शिवूनच घ्या. कापड मऊ सुती, शिवण्याआधी धुऊन आटवलेलं. छातीच्या मापापेक्षा घेर सहा इंच जास्त ठेवायला सांगा आणि काखेत चौकोनी तुकडा जोडून घ्या, नाहीतर हात उचलताना पूर्ण अंगरखा खांद्यावर ओढला जातो. अंगरखा समोरून उघडतो, त्यामुळे डोक्यावरून ओढावा लागत नाही. फ्रोझन शोल्डर (आखडलेला, दुखरा खांदा) असल्यास दुखरा हात बाहीत आधी घाला, काढताना मात्र शेवटी. बोटं आखडत असतील तर अंगरख्याचे बांधायचे बंद शोभेपुरते ठेवून खाली वेलक्रो लावा. बघणाऱ्याला कळतही नाही.

सुरवारीला बारीक नाडी नको, कमरेत रुतते. दीड इंची इलॅस्टिक घाला. नऊवारीही शिवलेलीच बरी. येवल्याची भरजरी पैठणी दिवसभर पेलणं अवघड.

फेट्याला हलकी मलमल घ्या. घट्ट बांधला की कपाळ ठणकतं, म्हणून बांधताना कडेने एक बोट सहज जाईल एवढी ढील ठेवा. कमरेला धातूची तलवार? सरळ नाही म्हणा, एका बाजूचं वजन पाठीला भोवतं.

आदल्या आठवड्यात तासभर घालून बसा, जिना चढा, बाथरूमलाही जाऊन या.