घाटावरची ट्रंक आणि गोव्याचा पाऊस

पुणे-सोलापूरकडून फोंड्याला, म्हापशाला किंवा मडगावला बिऱ्हाड हलवलं की गॅस, फ्रिज, मुलांची शाळा हे सगळं महिनाभरात मार्गी लागतं. राहतो तो एक खोका. आजीची पैठणी, वडिलांची पत्रं, लग्नाचा अल्बम, नाव घातलेली चार भांडी. ‘माळ्यावर टाकू, मग बघू’ म्हणत तो वर जातो. गोव्यात एका पावसानंतर ‘मग’ बघण्यासारखं फारसं काही उरत नाही.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पणजीत ३००० च्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेत ६५-७० टक्के दमटपणा असला की बुरशीचं भागतं. इथे पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे ८०-९० च्या खाली येत नाही. त्यामुळे घाटावर चाळीस वर्षं ट्रंकेत सुखरूप राहिलेली वस्तू इथे त्याच ट्रंकेत राहील असं समजू नका. बंद करून ठेवलेलं आधी जातं, हाताळलेलं टिकतं. इथली जुनी घरं पावसाआधी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यापुरत्या साठवणीच्या जिनसांची, बेगमी करतात, तसं मे महिन्यात या खोक्याकडेही बघायचं.

आधी निवड करा. सगळंच जपायला गेलात तर काहीच जपलं जाणार नाही. कसोटी सोपी आहे: ही वस्तू गेली तर त्या माणसाची दुसरी खूण कुठे आहे का? छापील लग्नपत्रिका नातेवाइकांकडे सापडेल. आईच्या हातची लोणच्याची वही सापडणार नाही. म्हणून पहिला मान हस्ताक्षराला.

पत्रांच्या टाचण्या, स्टेपल, रबरबँड आधी काढा. टाचणी गंजते आणि कागदाला भोक पाडते, रबर वितळून चिकटतं. घड्या उलगडून पत्रं सपाट ठेवा. लॅमिनेशन मुळीच नको. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि आत राहिलेला दमटपणा आतच काम करतो. स्कॅन ६०० डीपीआयवर करा, आणि मागची बाजूही. तारीख, पत्ता, ‘ता.क.’ बहुधा तिथेच असतात.

फोटोंत सर्वांत वाईट तो चिकट पानांचा, वर प्लास्टिकची झिल्ली असलेला अल्बम. त्यातून फोटो शक्यतो कोरड्या दिवसांत, ऑक्टोबरनंतर काढा. ओढू नका, मागून दात स्वच्छ करायचा धागा करवतीसारखा हळूहळू फिरवा. बुरशी आलेला फोटो ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला झाला की चेहऱ्यासकट निघून येतो. पंख्याखाली सावलीत पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने घराबाहेर झटका. काचेला चिकटलेला फोटो सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा. नवीन फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा; नाही सांगितलं तर फ्रेमवाला थेट काचेलाच टेकवतो.

पैठणी किंवा शालू प्लास्टिकच्या पिशवीत नको. पांढरं सुती कापड घ्या, पण खळ पूर्ण धुऊन काढलेलं, कारण कसर खळीवर येते. जरीचा भाग आतल्या बाजूला घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नव्या जागी घाला. एकाच घडीवर रेशीम चिरतं. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. कडुलिंबाचा पाला घालायचा तर कुरकुरीत वाळलेला, नाहीतर पाल्याबरोबर ओलच आत जाते. ऊन दाखवायचं म्हणजे सावलीतलं वारं दाखवायचं. कडक उन्हात रंग विटतो.

हे सगळं ठेवायचं कशात? रबरी कड असलेल्या हवाबंद डब्यात. २० लिटरच्या डब्याला २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, नारिंगी रंगाचं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवा, मूळ रंग परत येतो. डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका. आकडा ४५ ते ५५ च्या दरम्यान हवा. डबा भरायचा तो मेमध्ये, कोरड्या दुपारी. जुलैत भरलात तर जुलैची हवाच आत कोंडाल. कपाटात बल्ब लावायची जुनी युक्ती एलईडीने चालत नाही, त्याला तेवढी ऊबच नसते.

कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, पावसाचा मारा तिकडूनच असतो. भिंतीपासून चार बोटं सोडा, खाली लाकडी ठोकळे द्या. सामानाबरोबर आलेले पुठ्ठ्याचे खोके पंधरा दिवसांत घराबाहेर काढा. पुठ्ठा ओल शोषतो आणि खालून वाळवी लागली तर मातीची नळी दिसेपर्यंत कळत नाही.

तांब्या-पितळेचं तेवढं अवघड नाही. ताम्हन, पळी-पंचपात्र रोजच्या पूजेत ठेवा, झालं. हिरवट डाग सोलांच्या, म्हणजे आपल्या आमसुलांच्या, पाण्याने निघतात; लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसायचं. मात्र नाव घातलेल्या भांड्यावर रोज घासणी नको. ‘सौ.’च्या पुढची ठिपक्यांची अक्षरं आधीच उथळ असतात. पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल आडवी घासली की नाव, गाव आणि साल उमटतं. तो कागद वहीत लावा.

त्याच वहीत प्रत्येक वस्तूची चार ओळींची नोंद असू द्या: कुणाची, कुणी दिली, कधी, का ठेवली. पेन्सिलीने लिहा, दमटपणात शाई फुटते. मुलं गोव्यातच वाढली तर त्यांनी ती आजी पाहिलेलीही नसेल, आणि नोंद नसलेलं पातेलं घर बदलताना मोडीत जातं. वहीची एक प्रत गावाकडच्या भावंडाकडे पाठवा. आजीची पैठणी कुठल्या लग्नातली हे तुमच्यापेक्षा मोठ्या आत्यालाच जास्त ठाऊक असतं, तिच्याकडून दुरुस्त करून घ्या.